बुधवारची सुकट

नंदाताईंना सुकट करताना कुणी पाहिलं असतं, तर बाई घरात चोरीचा माल लपवतेय असंच वाटलं असतं. बुधवारी दुपारी जेवणं उरकून बिल्डिंग पेंगायला लागली, की त्या आपल्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार आतून लावून घेत, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबत, हॉलच्या खिडक्या ओढून घेत आणि उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटवून ठेवत. मग स्वयंपाकघरात जाऊन एक्झॉस्टचा पंखा लावायचा, तवा तापवायचा आणि वाळवलेली ती बारीक कोळंबी मूठभर त्यावर टाकायची. चांगली खमंग भाजली की लसूण, लाल मिरच्या, थोडा कांदा. सकाळची ज्वारीची भाकरी मुद्दाम मागे ठेवलेली असायची. ओट्याशीच, उभ्या उभ्या चार घास खाल्ले, की नंदाताईंचा जीव ठिकाणावर यायचा. लगेच तवा घासायचा, ओट्यावरून लिंबाची साल फिरवायची आणि टॉवेल धुऊन वाळत टाकायचा.

स्वतःच्या घरात, स्वतःच्या पेन्शनीतून आणलेली सुकट, आणि ती खायला एवढी नाटकं! विश्रांतवाडीत हे सांगितलं असतं तर हिरा हसून हसून लोळली असती. हिरा म्हणजे तिथल्या बाजारात सुकट-बोंबील घेऊन बसणारी त्यांची जुनी शेजारीण. मंगळवारी तिच्याकडे चक्कर व्हायची, म्हणून सुकटीचा बुधवार. नंदाताईंचा सगळा संसार विश्रांतवाडीतच झाला. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपली की घराघरातून हाच वास निघायचा, आणि कुणाची सुकट करपली ते चार घरं सोडून बसलेल्या बाईला नुसत्या वासावरून कळायचं. नवरा दशरथ लवकर गेला. नंदाताई टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडता जोडता इंग्रजी शिकल्या आणि आवाजाला धार आली. पुढे घरोघरी फोन आले, मग हातोहाती मोबाइल आले, ट्रंक कॉलचं कुणाला काही उरलं नाही आणि नंदाताईंना तक्रारींच्या खिडकीत बसवण्यात आलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुण्याच्या तक्रारी ऐकल्या. ‘पुणेकर तक्रार करत नाही, आपल्यावर उपकार करतो,’ असं त्या म्हणत.

ज्या जमान्यानं आईला खिडकीत बसवलं, त्यानंच मुलाला वर नेलं. आयुष कॉम्प्युटर इंजिनियर झाला, खराडीच्या कंपनीत लागला आणि त्यानं वाघोलीला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. दारावरच्या पाटीवर नुसतं ‘आयुष’ लिहिलं.

“आडनाव काय विश्रांतवाडीला विसरून आलास?” नंदाताईंनी विचारलं.

“आई, हल्ली असंच असतं. मिनिमल.”

बाबासाहेबांची तसबीर हॉलमध्ये लावायला काढली, तर ती आतल्या खोलीत गेली. हॉलमध्ये एक दगडी बुद्ध आला, कुंड्या-कारंजी विकणाऱ्या दुकानातला. तसाच एक चेअरमनच्या हॉलमध्येही फ्लॉवरपॉटशेजारी बसला होता, म्हणून तो चालला. आणि सामान लावून व्हायच्या आतच आयुषनं बजावलं, “आई, इथे सुकट नको हं. इथले लोक वेगळे आहेत.”

“लोक वेगळे आहेत, का आपण?”

तो लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून ऑफिसला निघून गेला.

दोन हजार दहाच्या सुमाराला त्यांच्या बरोबर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, एक कोरियन कुटुंब भाड्यानं राहायला आलं. नवरा रांजणगावच्या एका कारखान्यात होता, पहाटे गाडी त्याला उचलायची आणि अंधार पडल्यावर आणून टाकायची. बायको सूजिन आणि चार वर्षांची मुलगी दिवसभर घरात. सोसायटीनं देशाची चौकशी न करता त्यांना ‘चायनीज’ करून टाकलं. नंदाताईंच्या ती बाई पहिल्या दिवसापासून डोक्यात गेली. पोरगी दिवसभर थाडथाड पळायची. एकदा नंदाताईंनी झाडूच्या दांड्यानं छत बडवलं. वर चिडीचूप झालं, आणि संध्याकाळी दाराच्या कडीला पेरूंची पिशवी, आत ‘सॉरी’ लिहिलेला कागद.

“पेरू देऊन तोंड बंद करते होय!” असं म्हणून त्यांनी पेरू खाल्ले आणि झाडू हाताशी ठेवला.

आता गंमत अशी, की नंदाताईंचा एक्झॉस्ट ज्या डक्टमध्ये वास सोडायचा, ती डक्ट सरळ वर जायची. तिसऱ्या मजल्यावर चेअरमन दत्तप्रसादराव राहायचे. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, दुपारी झोप नाही आणि सोसायटी सोडून दुसरं काम नाही. एका बुधवारी ते नाक वर करून जिना उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर पोचले, दारासमोर ओळीनं लावलेले परक्या घाटाच्या बूट-चपला बघितल्या, आणि तपास तिथेच संपला. आणखी खाली जायचं कारणच नव्हतं. खाली सेक्रेटरींच्या मातोश्री राहत होत्या, आणि त्यांच्या घरातून तर सदैव उदबत्तीचा दरवळ. हो, सोसायटीचा सेक्रेटरी आयुष होता.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सूचना लागली, मराठीत आणि इंग्रजीत: ‘ज्यांच्या स्वयंपाकाचा सुगंध इतरांना सोसवत नाही, त्यांनी तो स्वतःपुरता ठेवावा. ही निवासी इमारत आहे, मासळीचे बंदर नव्हे. – सेक्रेटरी.’ एक प्रत दुसऱ्या मजल्याच्या दाराखालून आत सरकवण्यात आली.

संध्याकाळी आयुष आल्या आल्या नंदाताईंनी विचारलं, “ते तू लिहिलंस?”

“मजकूर चेअरमनचा. मी फक्त टाइप केला.”

“वास कुणाच्या घरचा आहे, माहीत आहे तुला.”

त्यानं मान वर केली नाही. “माहीत आहे. म्हणून तर लगेच टाइप केला.”

“लाज नाही वाटली?”

“आई, ते लोक दोन वर्षांनी जाणार. आपल्याला इथेच राहायचंय. त्यांना कुणी बोललं तर परदेशी म्हणून बोलेल. आपल्याला बोललं तर काय म्हणून बोलेल, ते मी तुला सांगायला पाहिजे का?”

एक्स्चेंजात आपल्या डब्याशेजारी डबा न उघडणाऱ्या बायका नंदाताईंना अजून नावानिशी आठवत होत्या. आणि खरं सांगायचं तर मनातून त्यांना बरंच वाटलं. वरचीला बोलणी बसली, आपला बुधवार वाचला. येऊन-जाऊन परकी बाई, तिचं काय एवढं. पुढच्या बुधवारी त्यांनी टॉवेल ओला केला आणि तवा चढवला.

त्या दिवशी मिरच्या टाकतायत तोच बेल वाजली. गॅस बंद करून त्यांनी दाराच्या भिंगातून पाहिलं. सूजिन. हातात वाडगा. साखळी न काढता त्यांनी दार बोटभर उघडलं.

सूजिननं आधी आपल्या नाकाकडे बोट दाखवलं, मग वाडगा पुढे केला. त्यात बोटाच्या पेराएवढे चंदेरी वाळके मासे होते. “माय मदर,” ती म्हणाली. “सेम. सेम स्मेल.” आणि हसली.

कळलं हिला, नंदाताईंच्या मनात आलं. आपल्या नावावर कुणाचा वास खपतोय ते हिला कळलं आणि आता ही दारात येऊन दम देतेय. त्यांनी आत जाऊन तव्यावरची निम्मी सुकट स्टीलच्या वाटीत ओतली आणि फटीतून बाहेर ढकलली.

“टेक. अँड डोन्ट टेल एनीबडी,” त्या ट्रंक कॉलच्या आवाजात म्हणाल्या.

सूजिननं वाडगा खाली ठेवून वाटी दोन्ही हातांनी घेतली, कमरेतून वाकली आणि दोन्ही उचलून निघून गेली. दुसऱ्या दिवशी कडीला पिशवी अडकवलेली होती. आत घासून लख्ख केलेली वाटी आणि तिच्यात ते चंदेरी मासे. लाच परत आली, ती व्याजासकट. नंदाताईंनी मासे आधी केरात टाकायला नेले, मग परत आणून तव्यावर टाकले. चवीला वाईट नव्हते, पण तसं त्या कुणाला सांगणार नव्हत्या.

दत्तप्रसादरावांचं नाक काही शांत होईना. त्यांनी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटचे मालक जयसिंग, मार्केट यार्डातले व्यापारी, त्यांनाही निरोप गेला. विषय एकच: महिन्याअखेर भाडेकरू हलवा. आयुषनं जेवताना हे आईला सांगितलं, इतक्या सहज, जणू उद्या पाणी उशिरा येणार आहे.

शनिवारी दुपारी नंदाताई दुसरा मजला चढून गेल्या. दया येऊन नव्हे. उद्या ही बाई सगळ्यांसमोर तोंड उघडणार का, तेवढं बघायला गेल्या.

दार पोरीनं उघडलं आणि ती आत पळाली. नंदाताई तिच्या मागे गेल्या. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओटा कोरडा ठाक, शेगडीवर वर्तमानपत्र अंथरलेलं. पोरगी बाथरूमच्या दाराशी जाऊन थांबली. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला होता. नंदाताईंनी तो पायानं सारला आणि दार ढकललं.

सूजिन आत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसली होती. पुढ्यात पालथी बादली, बादलीवर विजेची शेगडी, तिच्यावर पातेलं. पाण्यात ते वाळके मासे आणि भोपळ्याच्या फोडी उकळत होत्या, शेजारी भाताचं भांडं. वर खिडकीतला छोटा पंखा घरघरत होता. बाई घामानं निथळत होती आणि हातभर अंतरावर कमोड होता.

“हे काय चाललंय?” नंदाताई मराठीतच ओरडल्या.

सूजिन दचकून उठली. “किचन, स्मेल,” ती म्हणाली. “पीपल अँग्री. सो, हिअर.”

“सिन्स व्हेन?”

“लिफ्ट पेपर,” ती म्हणाली. म्हणजे सूचना लागल्या दिवसापासून.

नंदाताईंच्या अंगाची लाही लाही झाली. राग कुणाचा आलाय हे कळायच्या आत त्यांचं तोंड सुटलं. “अगं बये, तुला ओटा आहे ना? भाडं भरतेस ना? मग संडासाशेजारी बसून पोरीचं जेवण कसलं रांधतेस! वर जाऊन विचारायचं होतंस त्या चेअरमनला, कुणाचा वास, काय पुरावा! माझ्या दाराशी येऊन बोंब मारायची होतीस! एवढं गरीब होऊन राहतात का कुठे?”

सूजिनला त्यातलं अक्षर कळलं नाही. ती वाकली आणि म्हणाली, “सॉरी.”

त्या सॉरीनं नंदाताईंना मुस्काटात बसल्यासारखं झालं. त्या मटकन उंबरठ्यावर बसल्या. सूजिननं घाईघाईनं वाडग्यात भात आणि रस्सा घालून पुढे केला. नंदाताईंनी एक घोट घेतला. मीठ कमी होतं, तिखटाचा तर पत्ताच नव्हता. तापातून उठलेल्या माणसाला आई देईल तसलं पांचट आणि ऊन ऊन. तरी त्यांनी वाडगा तळापर्यंत संपवला.

मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं. वास माझा आहे हे तुला माहीत आहे ना? सूजिननं मान डोलावली. मग सांगितलं का नाहीस?

सूजिननं शब्द शोधले. “वुई गो, समडे,” ती म्हणाली. “यू लिव्ह हिअर.”

हेच आयुष म्हणाला होता. नंदाताई वाडगा खाली ठेवून उठल्या आणि जिना उतरल्या.

संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितलं, “उद्या तू सगळ्यांना खरं सांगायचंस. वर ती बाई संडासात बसून स्वयंपाक करतेय.”

“मी सेक्रेटरी आहे, आई.”

“म्हणून तर तूच सांगायचंस.”

आयुषनं पहिल्यांदा आईकडे सरळ बघितलं. “इथे मला लोक आयुष म्हणून ओळखतात. नुसता आयुष. त्यासाठी मी काय काय गिळलंय ते तुला माहीत नाही. तू उद्या तोंड उघडलंस तर मी हे घर सोडून जाईन. मग बस एकटी सुकट भाजत.”

असं पोटचं पोर बोललं. नंदाताईंनी ताट बाजूला सारलं आणि आत जाऊन तसबिरीच्या खोलीचं दार लावून घेतलं.

रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे मजले उतरून आले होते. सूजिन आणि तिचा नवरा पुढे उभे, पोरगी आईच्या कुडत्याला धरून. त्यांना खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही. जयसिंग घड्याळ बघत होते. नंदाताई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, आणि एकेका वाक्याला आता आयुष बोलेल म्हणून कान टवकारत होत्या.

“विचारा जरा त्यांना,” दत्तप्रसादराव आयुषला म्हणाले, “दर बुधवारी आपल्याकडे नक्की काय शिजतं? कळू द्या आम्हालाही. ज्ञानात भर पडेल.”

लोक हसले. आयुषनं प्रश्न इंग्रजीत सांगितला. शुद्ध, गुळगुळीत इंग्रजीत, बोलताना नजर मोबाइलवर. सूजिननं सगळ्या डोक्यांवरून एकदा शेवटच्या रांगेकडे बघितलं. मग ती खूप खाली वाकली.

“सॉरी,” ती म्हणाली. “आय विल नॉट कुक.”

“चला, म्हणजे कबूल,” दत्तप्रसादराव म्हणाले. “लिहून घ्या, सेक्रेटरी.”

आणि आयुष लिहायला लागला.

नंदाताई उठल्या. शेजारच्या ललिताबाईंनी विचारलं, “अहो, कुठे निघालात? चहा यायचाय.”

“तवा ठेवून येते,” नंदाताई म्हणाल्या.

जिना चढून त्या घरात आल्या. दार सताड उघडलं आणि मिटू नये म्हणून चपलांचं स्टँड आडवं लावलं. पार्किंगवरच्या गॅलरीचा दरवाजा उघडला, हॉलच्या खिडक्या उघडल्या. उदबत्तीच्या पुड्याला हातही लावला नाही. टेबलफॅन उचलून ओट्याच्या टोकाला ठेवला, तोंड जिन्याकडे. तवा लालबुंद तापू दिला. मग हिराकडून आणलेली सगळीच्या सगळी सुकट त्यावर पालथी केली, वरून मूठभर मिरच्या चुरडल्या, लसूण ठेचून टाकला आणि पंख्याचं बटण दाबलं.

धुराचा लोट हॉल ओलांडून जिन्यात गेला. थोड्या वेळानं खाली कुणालातरी ठसका लागला. मग दुसऱ्याला. मग दत्तप्रसादरावांच्या शिंका सुरू झाल्या, एकावर एक. खुर्च्या सरकल्या.

“तोच वास!” कुणीतरी म्हणालं.

आणि मग ललिताबाईंचा आवाज आला, स्वच्छ, “अहो पण, ही तर इथे उभी आहे.”

नंदाताई उलथन्यानं सुकट हलवत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. जिन्यात धावत येणारी पावलं वाजली.

आयुष बुटांसकट आत आला. चेहरा पांढराफटक. “आई, गॅस बंद कर. सगळे वर बघतायत.”

“बघू देत. पाटीवर आडनाव नाही, त्यांना कळायचं कसं? म्हणून वास पाठवला.”

“तू काय केलंस कळतंय का तुला? माझी काय इज्जत राहिली इथे?”

“स्वयंपाक केला. माझ्या घरात, दार उघडं ठेवून.” त्यांनी गॅस बारीक केला. “तुला घर सोडून जायचं होतं ना? आधी खाऊन घे, मग जा.”

आयुष दार लावायला मागे वळला आणि त्यानं स्टँड लाथेनं उडवलं. जिन्यात सूजिन उभी होती, पोरीचा हात धरून. वर जाता जाता थांबलेली. तिनं धुरानं भरलेला हॉल पाहिला, ओट्याशी उभ्या बाईला पाहिलं. मग तिनं वाकून आधी पोरीचे बूट काढले, स्वतःच्या चपला काढल्या आणि दाराबाहेर नीट ओळीनं लावल्या. आयुष दारात आडवा, एक हात कडीवर.

“आयुष, बाजूला हो,” नंदाताई म्हणाल्या. “पाहुणी आलीय.”

तो हलला नाही. नंदाताईंनी सांडशीत तवा उचलला आणि तो धूर ओकणारा तवा समोर धरून दाराकडे चालू लागल्या, तेव्हा हलला.